खुर्ची प्रॉडक्ट ओनरची, निर्णय मात्र दुसऱ्यांचे

प्रश्न: बेळगावात टिळकवाडीत आमची चाळीसेक माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. साखर कारखान्यांसाठी ऊस नोंदणीपासून बिलापर्यंतचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. निपाणी, चिकोडी, अथणी भागातले सात कारखाने ते वापरतात. दीड वर्षापूर्वी कंपनीने स्क्रम (छोट्या ठरावीक टप्प्यांत काम करायची पद्धत) सुरू केलं आणि मला प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी, कोणतं नंतर हे ठरवणारा) केलं. हंगाम संपून महिना झाला. या हंगामात एकही स्प्रिंट (कामाचा एक टप्पा) ठरल्याप्रमाणे पार पडला नाही. मालकांना एखाद्या कारखान्याच्या चेअरमनचा फोन येतो आणि दुपारपर्यंत काम बदलतं. सेल्सवाले तारीख देऊन येतात आणि मग मला कळवतात. कारखान्यात जायचं म्हटलं तर ‘तिकडचं आमची इम्प्लिमेंटेशनची, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणारी माणसं बघतात’ असं उत्तर मिळतं. पाच डेव्हलपरपैकी दोघे अर्धा वेळ दुसऱ्या प्रॉडक्टवर असतात. उशीर झाला की जाब मात्र मला विचारतात. मालक म्हणतात, प्रॉडक्ट ओनरचं सर्टिफिकेशन करून घ्या, खर्च कंपनी करेल. करू का? की नोकरीच बदलू?
— एक वाचक, टिळकवाडी

सप्रेम नमस्कार.

सर्टिफिकेशन करायला हरकत नाही. संकल्पना पक्क्या होतील, आणि खर्च कंपनी करते आहे. पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्यात, त्यातली एकही ‘मला अमुक येत नाही’ अशी नाही. पाचही ठिकाणी एकच अडचण आहे. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. ते ठरवायचा अधिकार मात्र मालक, सेल्स आणि इम्प्लिमेंटेशन यांच्यातच वाटलेला राहिला आहे. हा अधिकार प्रशिक्षणातून येत नाही. तो मागावा लागतो आणि लेखी घ्यावा लागतो.

नियम तुमच्या बाजूने आहे, हे खरं. स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडची नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती सांगते की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या क्रमवार यादीत) ज्याला बदल हवा असेल त्याने प्रॉडक्ट ओनरला पटवून द्यायचं. प्रॉडक्ट ओनर यशस्वी व्हायचा असेल तर सगळ्या संस्थेने त्याच्या निर्णयांचा मान राखला पाहिजे. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकारही फक्त त्याचाच. तरीही मालकांसमोर हे वाचून दाखवू नका. स्वतःच्या पैशाने कंपनी उभी केलेल्या माणसाला नियम दाखवला की त्याला वाटतं, माझ्याच घरात माझे हात बांधताहेत. त्यांच्यापुढे आकडे ठेवा.

त्यासाठी एक वही किंवा एक्सेलची एक शीट करा, सहा रकान्यांची: तारीख, मागणी कोणत्या विभागातून आली, कशावरून आली (फोन, व्हॉट्सअ‍ॅप, समोरासमोर), काय मागितलं, किती तास गेले, आणि त्यामुळे ठरलेलं कोणतं काम मागे पडलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक रिकामा ठेवतात. हंगामातल्या शेवटच्या तीन स्प्रिंटची नोंद मागे जाऊन करा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, मेल आणि कोडमध्ये बदल जमा झाल्याच्या तारखा शेजारी ठेवल्या की बरंचसं हाती लागतं. पुढची नोंद त्याच दिवशी, संध्याकाळी घरी जाण्याआधी. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद कोणी मानत नाही. अर्ध्या तासापेक्षा छोटी कामं सोडून द्या, नाहीतर वहीच एक काम होऊन बसेल. आणि माणसांची नावं लिहू नका. ‘सेल्स’, ‘व्यवस्थापन’, ‘सपोर्ट’ एवढंच लिहा. नावं दिसली की चर्चा कामावरून माणसांवर जाते आणि तुमची वही आरोपपत्र ठरते.

मग हिशेब मांडा. तुमच्याकडे पाच डेव्हलपर असले तरी दोघे अर्धवेळ, म्हणजे चारच धरायचे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे १० दिवस, दिवसाचे खरे ६ तास, म्हणजे २४० तास. समजा त्यातले ७२ तास मधेच आलेल्या कामांत गेले, तर ते ३० टक्के झाले. पगार, जागा, वीज धरून तासाला ५०० रुपये पडत असतील तर एका स्प्रिंटला ३६ हजार आणि हंगामातल्या दहा स्प्रिंटचे ३ लाख ६० हजार. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. तासाचा खरा खर्च अकाउंट्समध्ये विचारून घ्या, अंदाजाने लिहू नका. ‘टीमला त्रास होतो’ हे वाक्य मालकांनी अनेकदा ऐकलेलं असतं. कोणत्या कारखान्याचं ठरलेलं काम किती रुपयांच्या बदलांसाठी मागे पडलं, हे त्यांना बहुधा कोणी दाखवलेलं नसतं.

ही वही भरताना तुम्हालाही एक गोष्ट दिसेल: मधेच आलेली सगळी कामं सारखी नसतात. हंगामात वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर यार्डात ट्रॅक्टरची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. तिथे स्प्रिंटचं कारण सांगत बसणं चूक आहे. बिलाचंही तसंच. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. म्हणून तीन प्रश्नांची चाळणी ठरवा. काटा थांबला आहे का? चुकीची रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जाणार आहे का? १४ दिवसांची मुदत हुकणार आहे का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल तर काम लगेच हाती घ्यायचं, कोणाला विचारत बसायचं नाही. तिन्हींचं ‘नाही’ असेल तर मागणी बॅकलॉगमध्ये जाईल आणि पुढच्या स्प्रिंट प्लॅनिंगला (स्प्रिंटच्या नियोजनाच्या बैठकीत) तिचा विचार होईल, मग ती कोणाकडूनही आलेली असो.

चाळणी चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, राखीव वेळ. नोव्हेंबर ते मार्च टीमचा २५ ते ३० टक्के वेळ सपोर्टसाठी आधीच बाजूला काढा, बिगरहंगामात १० टक्के पुरेल. तुमच्या वहीतला आकडा वेगळा आला तर तोच घ्या. दुसरी, एकच दार. दर आठवड्याला एका डेव्हलपरची सपोर्टची पाळी लावा. मालकांपासून इम्प्लिमेंटेशनपर्यंत सगळ्यांनी फोन त्यालाच करायचा, बाकीच्यांना नाही. पाळी मोडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: जुन्या ओळखीच्या डेव्हलपरला थेट फोन जातो आणि तो नाही म्हणू शकत नाही. त्याने एवढंच म्हणावं, ‘या आठवड्यात पाळीवर अमुक आहे, त्याला जोडून देतो.’ पहिले तीन-चार आठवडे हे कठीण जाईल.

आता मालकांशी बोलण्याबद्दल. चार लोकांसमोर बोलू नका. एकट्याने अर्धा तास मागा, वही समोर ठेवा आणि एकच मागणी करा: कोणता निर्णय कोणाचा, हे एका पानावर लिहून त्यावर त्यांची सही, तीन महिन्यांच्या चाचणीपुरती. कायमचा अधिकार मागितला तर नकार मिळेल. तीन महिन्यांचा मागितला तर बहुतेक मालक तयार होतात, कारण तो परत घेता येतो.

त्या पानावर कामाच्या आकाराप्रमाणे तीन पायऱ्या ठेवा. एका माणसाच्या पाच दिवसांपर्यंतचं काम घ्यायचं की नाही, ते तुम्ही एकट्याने ठरवायचं. पाच ते वीस दिवसांचं काम सेल्स आणि सपोर्टशी बोलून, पण शेवटचा शब्द तुमचा. वीसपेक्षा जास्त दिवसांचं, किंवा एकाच कारखान्यापुरतं, किंवा कराराची रक्कम बदलणारं काम असेल तर मालक आणि तुम्ही दोघांनी मिळून. याशिवाय दोन ओळी स्पष्ट लिहा: स्प्रिंट सुरू झाल्यावर त्यात नवं काम घालायचं तर तुमच्याकडूनच, आणि ते घालताना तेवढ्याच आकाराचं दुसरं काम बाहेर निघेल. दुसरी ओळ जास्त मोलाची आहे. मालकांनी मधे काम घातलं तरी चालेल, पण काय काढायचं हे त्यांना तिथेच सांगावं लागेल. हे सांगायची वेळ आली की निम्म्या मागण्या पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबायला तयार होतात.

चेअरमनच्या फोनचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या भागात कारखान्याचे संचालक आणि कंपनीचे मालक यांची नुसती धंद्यापुरती ओळख नसते. लग्नात भेट होते, गावाकडून नातं निघतं, आणि तिथे ‘उद्या करून देतो’ असं तोंडातून निघून जातं. मालकांना नाही म्हणायला सांगू नका, ते म्हणणार नाहीत. त्यांना म्हणता येईल असं एक वाक्य द्या: ‘नोंद करून घेतो, प्रॉडक्टवाल्यांशी बोलून गुरुवारी कळवतो.’ आणि गुरुवार कधीही चुकवू नका. दर बुधवारी संध्याकाळी आलेल्या सगळ्या मागण्यांना ‘होईल’, ‘अमुक महिन्यात होईल’ किंवा ‘होणार नाही, कारण…’ असं एका ओळीचं उत्तर मालकांच्या हातात द्या. वेळेवर उत्तर मिळतं असा त्यांना भरवसा वाटला की ते परस्पर शब्द देणं कमी करतात. सेल्ससाठीही हीच व्यवस्था ठेवा. शिवाय त्यांना महिन्याला एक पान द्या: कोणत्या तिमाहीत काय येणार आणि कोणत्या गोष्टींची तारीख कोणालाच द्यायची नाही. सेल्सवाले तारखा देतात ते बहुतेक वेळा त्यांच्या हातात दुसरं काहीच नसतं म्हणून.

मालकांना हे पान पटलंच नाही तर एक सरळ पर्याय आहे आणि तो आम्हाला अजिबात कमीपणाचा वाटत नाही: प्रॉडक्ट ओनर त्यांनीच व्हावं. निर्णय त्यांचेच असतील तर नावही त्यांचंच असणं टीमच्या हिताचं आहे. मग त्यांनी प्रत्येक स्प्रिंट प्लॅनिंगला आणि रिव्ह्यूला (झालेलं काम दाखवायच्या बैठकीला) बसायचं आणि डेव्हलपरांच्या प्रश्नांसाठी रोज अर्धा तास ठरवून द्यायचा. बॅकलॉग लिहिणं, तपशील गोळा करणं हे काम ते तुमच्यावर सोपवू शकतात. गाइडलाही ते मान्य आहे, फक्त जबाबदारी त्यांची राहते. तेवढा वेळ आपल्याकडे नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तर अधिकार तुम्हाला का द्यायचा याचं उत्तर त्यांना त्यातच मिळेल.

कारखान्यात जाऊ न देणं हा तुमच्या पत्रातला आम्हाला सर्वांत गंभीर वाटलेला मुद्दा आहे. वापरणाऱ्याला न भेटता प्रॉडक्ट ओनर फक्त निरोप पोचवतो, आणि इम्प्लिमेंटेशनच्या माणसाकडून येणारा निरोप म्हणजे उपाय असतो, अडचण नसते. ‘इथे एक रकाना वाढवा’ एवढंच तुमच्यापर्यंत येतं. तो रकाना कशाला हवा, ते मधेच कुठेतरी राहून जातं.

एक उदाहरण घ्या. सीमाभागात कारखान्याला ऊस दोन्ही बाजूंनी येतो. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये, सर्व्हे नंबर आणि हिस्सा लिहिलेला, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. कागल-शिरोळकडच्या शेतकऱ्याचा सातबारा मराठीत, गट नंबर लिहिलेला, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. आरटीसीवर १-२० म्हणजे १ एकर २० गुंठे, दीड एकर. सातबाऱ्यावर १.२० म्हणजे १.२० हेक्टर, जवळजवळ तीन एकर. नोंदणीच्या स्क्रीनवर क्षेत्राला एकच रकाना असेल तर कारकून दोन्ही ठिकाणी १.२० टाकतो आणि उसाचा अंदाज दुप्पट किंवा निम्मा होतो. तोडणीचा कार्यक्रम तिथूनच बिघडायला लागतो. नावाचंही असंच. उताऱ्यावर नाव कन्नड लिपीत, बँकेच्या पासबुकावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि शेतकरी मराठीत सही करणारा. तिन्ही जुळली नाहीत की पैसे अडकतात आणि तुमच्याकडे तक्रार येते ‘बिल मॉड्यूल चालत नाही’. टिळकवाडीत बसून हे कळत नाही. काट्यावर आणि शेती कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहिलं की एका दिवसात कळतं.

म्हणून मागणी छोटी आणि ठरावीक करा: हंगामात महिन्यातून दोन दिवस, एकच कारखाना, इम्प्लिमेंटेशनच्या माणसासोबत. ‘त्याच्यासोबत’ हे महत्त्वाचं, नाहीतर त्याला वाटेल की त्याची चूक शोधायला आलात. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, तेव्हा एक मुक्काम रात्रपाळीचा धरा. रात्री वरिष्ठ नसतात आणि लोक खरी पद्धत दाखवतात. काटा कारकून, चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा), शेती कार्यालय आणि हिशेब विभाग, चौघांकडे बसा. प्रश्न कमी विचारा. सॉफ्टवेअरच्या शेजारी वही कुठे ठेवली आहे ते बघा. प्रत्येक वही म्हणजे तुमच्या प्रॉडक्टने न केलेलं एक काम आहे. आता बिगरहंगाम असल्यामुळे काटा बंद असेल, पण नव्या लागणीच्या आणि खोडव्याच्या नोंदी याच महिन्यांत होतात. तेव्हा पहिली फेरी शेती कार्यालयाची करा, हंगामाची वाट बघू नका.

स्प्रिंट रिव्ह्यूला कारखान्याचा एकतरी माणूस व्हिडिओवर हवा. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला रिव्ह्यू दोन तासांपेक्षा लांबू नये. त्यातला निम्मा वेळ स्क्रीन त्याच्या हातात द्या, डेव्हलपरने दाखवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची असं नको.

अर्धवेळ डेव्हलपरांबद्दल थोडक्यात. पाचही जण पूर्णवेळ मागू नका. जूनपासून ऑक्टोबरअखेर तीन जण हलवायचे नाहीत, एवढंच मागा. काटा आणि बिल यांतले बदल सप्टेंबरअखेर संपवा, ऑक्टोबरमध्ये मागच्या हंगामाचा डेटा घालून पूर्ण रंगीत तालीम घ्या, आणि त्यानंतर गाळप सुरू होऊन स्थिरावेपर्यंत या दोन मॉड्यूलमध्ये दुरुस्तीखेरीज काहीही बदलू नका. गाळप कधी सुरू होणार ते तुमच्या हातात नाही, तयारीची तारीख आहे.

सात कारखान्यांसाठी कोडच्या सात प्रती झाल्या आहेत का, ते पत्रात नाही. झाल्या असतील तर सगळ्यात मोठा अडथळा तो आहे, कारण प्रत्येक दुरुस्ती सात वेळा करावी लागते आणि तुमच्या प्राधान्यक्रमाला अर्थच उरत नाही. कंपन्यांत हे हिशेबाच्या पद्धतीमुळे होतं. एका कारखान्यापुरता बदल करून दिला की त्याचं बिल लगेच उत्पन्नात दिसतं, पुढच्या हंगामात तो सांभाळायला गेलेले तास कुठेच दिसत नाहीत. ते तास तुमच्या वहीत वेगळे मांडा. यापुढे असा बदल करायचा तर एकदाच्या रकमेवर वर्षाला १५ ते २० टक्के देखभाल एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) वाढेल, अशी अट सेल्सला कोटेशनमध्ये घालायला सांगा. काही कारखाने पैसे देतील, काही मागणी सोडून देतील. दोन्ही तुमच्या फायद्याचं.

तुमच्या पत्रात स्क्रम मास्टरचा उल्लेखच नाही. संस्थेतले अडथळे दूर करवून घेणं, मधे पडणाऱ्यांना कामाची रीत समजावणं ही जबाबदारी त्याची आहे. ती कोणाकडेच नसेल तर तुम्ही एकटे दोघांचं ओझं वाहताय. टीम लीडकडे ती सोपवायला सांगा, आणि सपोर्टची पाळी व ते एक दार सांभाळणं हे त्याचं पहिलं काम असू द्या.

मूल्यमापनाच्या वेळी किती स्टोरी (वापरणाऱ्याच्या गरजांच्या छोट्या नोंदी) लिहिल्या हे विचारत असतील तर ते बदलून मागा: वजन झाल्यापासून बिल तयार होईपर्यंतचे दिवस, आणि दर हजार बिलांमागे दुरुस्त करावी लागलेली बिलं. हे आकडे कारखान्यालाही कळतात.

नोकरी बदलण्याचं आत्ता ठरवू नका. पानावर सही झाल्यापासून तीन महिने वही चालू ठेवा. मधेच येणारे तास स्पष्टपणे कमी झाले आणि पान मोडलं तेव्हा निदान तुम्हाला आधी विचारलं, तर थांबा, पुढचे तीन महिने मागा. पान वारंवार न बोलता मोडलं गेलं, किंवा कारखान्यात जायला एकदाही मिळालं नाही, तर पदाचं नाव बदलून बिझनेस अ‍ॅनालिस्ट (गरजा समजून घेऊन लिहून देणारा) करून घ्या, म्हणजे जाब त्या कामापुरताच राहील. नाहीतर दुसरीकडे अर्ज करा. ऊस नोंदणी ते बिल हा प्रवास तुम्हाला माहीत आहे, आणि पुण्या-बेंगळुरूतल्या शेतीविषयक सॉफ्टवेअरच्या कामात ही माहिती उपयोगी पडते. मुलाखतीत मात्र तीन गोष्टी विचारा आणि उत्तरात नेमका प्रसंग मागा: प्रॉडक्ट ओनरने ‘नाही’ म्हटलेलं आणि ते टिकलेलं शेवटचं काम कोणतं, तो वापरणाऱ्यांना शेवटचा कधी भेटला, आणि मागच्या स्प्रिंटमध्ये मधेच आलेलं काम कोणी घातलं. प्रसंग सांगता आला नाही तर तिथली खुर्चीही तुमच्या आत्ताच्या खुर्चीसारखीच आहे असं समजा.